मेलेल्यांना पार नेणारा नावाडी गेममध्ये दुकान का मांडतो?

‘हेडीस’ हा व्हिडिओ गेम खेळायला घेतला त्या पहिल्या रात्री चार-पाच खोल्या कशाबशा पार केल्या आणि पुढचं दार उघडलं, तर आत कुणी अंगावर धावून आलंच नाही. संगीत बदललं, संथ झालं. समोर एक उंच, हाडकुळी आकृती हातात वल्हं धरून उभी होती. डोक्यावर रुंद काठाची टोपी, अंगावर सोन्याच्या नाण्यांच्या माळा, तोंडातून झिरपणारा जांभळा धूर. पुढ्यात काही वस्तू मांडलेल्या आणि प्रत्येकीखाली किंमत. जवळ जाऊन बोलायचं बटण दाबलं. उत्तर आलं ते शब्दांत नव्हतं. घशाच्या तळातून निघालेला एक लांबलचक घोगरा हुंकार, बस्स.

माझी खरेदी झाली, तरी मी त्या खोलीत बराच वेळ रेंगाळले. हा कॅरॉन. ग्रीक पुराणकथांतला, मेलेल्यांना नदीपार नेणारा म्हातारा नावाडी. ज्याच्या होडीत माणूस एकदाच बसतो, तो इथं मला तब्येत सुधारणारी वस्तू विकत होता, आणि मी पुन्हा पुन्हा मरून पुन्हा पुन्हा त्याच्या दुकानात येणार होते. हा बदल कुणी केला, कसा केला, आणि तो इतका चपखल का बसला, हे समजून घ्यायचं तर आधी मूळ म्हाताऱ्याला भेटायला हवं.

ग्रीकांची कल्पना साधारण अशी. माणूस मेला की हर्मीस हा देव त्याच्या आत्म्याला वाट दाखवत पाताळाच्या नदीपर्यंत आणून सोडतो. तिथून पुढं कॅरॉनचं काम. देहाचे अंत्यसंस्कार नीट झाले असतील आणि भाड्याचं नाणं असेल तर तो होडीत घेतो आणि पैलतीरावर, पाताळाचा राजा हेडीस याच्या राज्यात उतरवतो. पलीकडे सर्बेरस हा राक्षसी कुत्रा पहाऱ्यावर असतो, तो आत येणाऱ्याला अडवत नाही, बाहेर पडणाऱ्याला अडवतो. पाप-पुण्याचा निवाडा करायला मिनॉससारखे वेगळे न्यायाधीश आहेत. कॅरॉनला त्यातलं काही विचारायचं नसतं. राजा असो की कोळी, त्याच्या लेखी तो एक प्रवासी. ही गोष्ट मी मुद्दाम इथं सांगून ठेवते, कारण पुढं गेमवाल्यांनी जे काही केलं त्याची किल्ली इथंच आहे: कॅरॉन मृत्यूचा देव नाही. तो मृत्यूच्या खात्यातला एक कामकरी आहे.

आपल्याकडे हे वाचताना वैतरणी आठवल्याशिवाय राहत नाही. पण फरक बघण्यासारखा आहे. वैतरणी पार करायला जिवंतपणी किंवा मुलांच्या हातून दिलेलं गोदान उपयोगी पडतं, त्या गाईचं शेपूट धरून जीव पलीकडे जातो. तिथं पुण्य तारून नेतं, इथं रोख भाडं. ग्रीकांच्या त्या काठावर माणूस नोकरीवर आहे, त्याची एक ठरलेली फेरी आहे, आणि फेरीचे पैसे.

नदीबद्दल एक घोळ आधीच सोडवू. गेममध्ये आणि सिनेमात ही नदी हमखास स्टिक्स असते. जुन्या ग्रीक लिखाणात मात्र कॅरॉनचं नाव जास्त करून अकेरॉन या नदीशी जोडलेलं आहे. अकेरॉन ही खरीखुरी नदी आहे, वायव्य ग्रीसमधल्या एपिरस भागातून वाहत ती आयोनियन समुद्राला मिळते. पाताळातल्या पाच नद्यांपैकी स्टिक्सचं नाव सगळ्यांत गाजलं आणि नावाडी हळूहळू तिच्या खात्यात जमा झाला.

आता नाण्याकडे येऊ, कारण गेमवाल्यांचा जीव त्या नाण्यातच अडकला आहे. हे नाणं म्हणजे ओबोल. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा. इसवीसनपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा होती, आणि न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकाला दिवसाचे तीन ओबोल मिळत. म्हणजे पैलतीराचं भाडं दिवसाच्या मजुरीचा सहावा हिस्सा. गरिबालाही परवडेल इतकंच. हे नाणं मेलेल्याच्या तोंडात ठेवत. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या काळातले अथेन्सकर बाजारात जातानाही सुटी नाणी गालात धरून जात. चांदीची ती नाणी नखाएवढी असत, हरवायला सोपी. तेव्हा मेलेल्याच्या तोंडात ओबोल ठेवणं म्हणजे प्रवासाला निघालेल्याच्या खिशात भाडं टाकणं. अर्थात उत्खननात प्रत्येक थडग्यात नाणं सापडत नाही, पुष्कळ थडग्यांत ते नसतंच, आणि असलं तर कधी हातात, कधी छातीवर. रीत होती, पण ती सगळीकडे एकसारखी नव्हती.

कॅरॉन ग्रीकांच्या सगळ्यांत जुन्या काव्यांत सापडत नाही, याचं मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार नवल वाटलं होतं. होमरच्या ‘ओडिसी’त हर्मीस आत्म्यांना वटवाघळांच्या थव्यासारखं घेऊन जातो, होडी-बिडी काही नाही. नावाडी येतो तो नंतर, आणि इसवीसनपूर्व पाचव्या शतकात तर अथेन्समध्ये घरोघरी ओळखीचा होतो. त्या काळात थडग्यांवर तेलाच्या उभट, पांढऱ्या पाठीच्या सुरया ठेवत, त्यांना लेकिथोस म्हणतात. त्यांच्यावर कॅरॉन काढलेला असतो तो भयंकर नाही. एक खांदा उघडा टाकणारं कष्टकऱ्याचं आखूड वस्त्र, डोक्यावर निमुळती टोपी, हातात होडी रेटायची लांब काठी. बंदरावर भेटेल असा माणूस.

अशी एक सुरई न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, इसवीसनपूर्व ४३० च्या आसपासची. तिच्यावर एक लहान मुलगा काठावर उभा आहे. हातात त्याचं चाकाचं खेळणं आहे. एका बाजूला होडी घेऊन आलेला कॅरॉन, दुसऱ्या बाजूला आई. मुलगा होडीच्या वाटेवर आहे, पण मान वळवून आईकडे हात करतोय. कॅरॉन थांबलाय. त्या चित्रात कुणी कुणाला ओढत नाही, दरडावत नाही. हे चित्र डोक्यात ठेवा, लेखाच्या शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

नाटकातही हाच कामकरी कॅरॉन आहे. अॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ या इसवीसनपूर्व ४०५ च्या विनोदी नाटकात डायोनायसस देव पाताळात जायला निघतो. काठावर होडी लागते आणि कॅरॉन ओरडायला लागतो: कुणी आहे का विश्रांतीच्या गावाला? विस्मरणाच्या मैदानाला? एसटी स्टँडवर कंडक्टर ज्या सुरात गावांची नावं घेतो, अगदी तोच सूर. भाडं दोन ओबोल. आणि होडीत बसल्यावर तो चक्क देवालाच वल्ही मारायला लावतो, देवाच्या हाताला फोड येतात. गुलामाला मात्र तो होडीत घेत नाही, त्याला तळ्याला वळसा घालून पायी यावं लागतं.

मग हा साधा नावाडी राक्षस कधी झाला? इटलीत. रोमनांच्या आधी तिथं राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांचा ‘खारुन’ निळसर कातडीचा, बाकदार नाकाचा, हातात हातोडा घेतलेला असा थडग्यांच्या भिंतींवर रंगवलेला सापडतो. नावाडी हे त्याचं मुख्य काम नाही, तो मृत्यूच्या दारावरचा पहारेकरी. पुढं रोमन कवी व्हर्जिल ‘इनीड’च्या सहाव्या सर्गात जो नावाडी उभा करतो, तो गलिच्छ, विस्कटलेल्या पांढऱ्या दाढीचा, डोळ्यांत जाळ असलेला. काठावर आत्म्यांची झुंबड, हात पुढं करून ते पलीकडे न्यायची विनवणी करतात, आणि ज्यांचे अंत्यसंस्कार झाले नाहीत त्यांना तो शंभर वर्षं काठावर भटकायला लावतो. चौदाव्या शतकात इटालियन कवी दान्तेनं तोच म्हातारा उचलला, डोळ्यांभोवती आगीची चाकं लावली आणि रेंगाळणाऱ्या पाप्यांना वल्ह्यानं हाणायला लावलं. मायकेलअँजेलोनं १५३६ ते १५४१ या काळात सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर ‘अंतिम न्याय’ रंगवला, त्यात खालच्या बाजूला वल्हं उगारलेला कॅरॉन आहे तो हाच. ग्रीसमध्ये मात्र लोकगीतांतून त्याचा ‘खारोस’ झाला, होडी सुटली, काळ्या घोड्यावर बसून येणारा साक्षात मृत्यू झाला.

म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या हाती कॅरॉन आला तेव्हा तो एक नव्हता. एक सुरईवरचा, काम करणारा. दुसरा दान्तेचा, मारणारा. बहुतेक गेमनी यातला एक कोणता तरी उचलला आहे, आणि कोणता उचलला यावरून त्या गेमला मृत्यूबद्दल काय म्हणायचं आहे ते कळतं.

मारणारा कॅरॉन उचलणं सोपं. गेमला शत्रू लागतात, आणि नदीच्या मधोमध होडी घेऊन उभा असलेला भयाण म्हातारा आयताच मिळतो. २००८ साली आलेल्या ‘गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिम्पस’मध्ये मुखवटे घालणारा कॅरॉन गेमचा नायक क्रेटोस याला आधी हरवून टार्टारसच्या खाईत फेकतो, मग क्रेटोस झ्यूसचा लोखंडी पंजा घेऊन परत येतो आणि त्याला मारतो. २०१० सालच्या ‘दान्तेज इन्फर्नो’त तर कॅरॉन होडी चालवत नाही, तो स्वतःच होडी आहे. आत्म्यांनी भरलेलं एक अजस्र जहाज, पुढं त्याचं बोलणारं डोकं, आणि शेवटी ते मुंडकं उपटलं जातं. दृश्य म्हणून जबरदस्त. पण मला दोन्हीकडे एकच प्रश्न पडला: नावाडी मेला, आता बाकीच्या मेलेल्यांचं काय? काठावर थांबलेल्यांना कोण नेणार? या गेमना त्याची फिकीर नाही, कारण तिथं कॅरॉन म्हणजे वाटेतला दगड आहे. दगड फोडला की पुढं जायचं.

कामकरी कॅरॉन घ्यायचा तर एक अवघड अडचण येते. त्याचं सगळं काम एका गोष्टीवर उभं आहे: गेलेला माणूस परत येत नाही. आणि गेममध्ये तर माणूस सारखा परत येतो. मरायचं, मागच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू करायचं. तिथं मृत्यू म्हणजे वहीतली खोडाखोड. अशा जगात एकदाच जाणाऱ्या होडीच्या नावाड्याला काय काम द्यायचं?

जपानच्या अॅटलस कंपनीनं २०१३ मध्ये ‘शिन मेगामी तेनसेई ४’मध्ये दिलेलं उत्तर मला अजूनही आवडतं. तुम्ही लढाईत मेलात की नदीकाठी येता. कॅरॉन समोर असतो आणि कामाच्या ओझ्यानं त्रासलेला असतो. मेलेल्यांची रांग संपत नाही, तेव्हा पैसे द्या आणि परत जा, असा त्याचा प्रस्ताव. भाडं अजून नावाड्यालाच द्यायचं, फक्त होडीची दिशा उलटी. पैसे दोन प्रकारे देता येतात. एक गेममधलं चलन, आणि दुसरं म्हणजे निन्टेन्डो ३डीएस या यंत्राची स्वतःची नाणी. ते यंत्र खिशात ठेवून चाललात की ते पावलं मोजायचं, शंभर पावलांना एक नाणं, दिवसाला जास्तीत जास्त दहा. म्हणजे खेळणाऱ्यानं सकाळी स्टेशनपर्यंत जी खरी पायपीट केली, तिच्या मोबदल्यात गेममधला नावाडी त्याला मृत्यूच्या काठावरून माघारी पाठवतो. ‘बेडूक’ नाटकातला गुलाम तळ्याला पायी वळसा घालत होता, ते मला इथं आठवलं.

‘फॉलआउट ३’मधला कॅरॉन पुराणातला नाही, नाव तेवढं घेतलेलं आहे, पण ते नेमकं घेतलेलं आहे. अणुयुद्धानंतरच्या वॉशिंग्टनमध्ये, एका पडक्या संग्रहालयात, किरणोत्सर्गानं कातडी झडलेल्या लोकांची ‘अंडरवर्ल्ड’ नावाची वस्ती आहे. तिथल्या ‘नववं वर्तुळ’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात कोपऱ्यात उभा असलेला कॅरॉन एका करारानं बांधलेला आहे. ज्याच्या हाती करारपत्र, त्याचा हा नोकर. तुम्ही मालकाला पैसे मोजून करार विकत घेता, कॅरॉनला सांगता, की आता तू माझ्याकडे. तो जुन्या मालकाकडे वळतो आणि त्याला गोळी घालतो. इतकी वर्षं कराराखाली तो काय सोसत होता, हे वेगळं सांगावं लागत नाही. पैसे घेणारा नावाडी इथं स्वतःच पैशानं विकला जातो.

आता पुन्हा ‘हेडीस’कडे.

सुपरजायंट गेम्स या अमेरिकी कंपनीचा हा गेम डिसेंबर २०१८ मध्ये अर्धवट रूपात आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण रूपात आला. २०२१ साली विज्ञान-कल्पनासाहित्यातल्या मानाच्या ह्यूगो पुरस्कारांत व्हिडिओ गेमसाठी खास गट ठेवला होता, तो यानं जिंकला. गोष्ट अशी: पाताळाचा राजा हेडीस याचा मुलगा झॅग्रियस बापाच्या राज्यातून पळून जायला बघतोय. वाटेत मेला की स्टिक्स नदी त्याला वाहून पुन्हा घरी आणते. रक्तासारख्या लाल कुंडातून तो बाहेर येतो, केस झटकतो, आणि पुन्हा निघतो. अशा गेमचा एक प्रकारच आहे, त्याला ‘रोगलाइक’ म्हणतात. मेलात की फेरी संपली, वाटेत जमवलेलं बरंचसं गेलं, पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात, आणि प्रत्येक फेरीत खोल्या वेगळ्या.

या प्रकारच्या गेमला एक गरज असते. त्या फेरीपुरता खर्चायचा पैसा आणि तो खर्च करायची जागा. पैसा साठवून ठेवता आला तर खेळणारा काही फेऱ्यांत धनाढ्य होईल आणि मजा जाईल. पैसा अजिबात नसेल तर वाटेत निवड करायला काही उरणार नाही. आता विचार करा, ग्रीक पाताळात पैसे मागणारा कोण आहे? एकच. आणि तो कोणतं नाणं घेतो हेही अडीच हजार वर्षं सगळ्यांना माहीत आहे. सुपरजायंटवाल्यांनी दुकानदार बाहेरून आणला नाही, पाताळात आधीपासून जो पैशाचा व्यवहार करत होता त्याच्याच पुढ्यात चार वस्तू मांडल्या. म्हणून ते दुकान खोटं वाटत नाही.

आणि त्यात त्यांनी नाण्याचा अर्थ उलटा केला, हे माझ्या मते या गेममधलं सगळ्यांत सुंदर कलम. जुन्या ग्रीसमध्ये माणूस सगळं मागं ठेवून मरायचा आणि सोबत फक्त तो एक ओबोल न्यायचा. झॅग्रियस मरतो तेव्हा त्यानं मिळवलेल्या काही गोष्टी त्याच्याकडे राहतात, पण ओबोल? तेवढे मात्र जातात. प्रत्येक मरणाला खिसा रिकामा. कॅरॉनकडे पैसे वाचवून उपयोग नाही, आत्ता, या फेरीत खर्च करा. मी सुरुवातीच्या फेऱ्यांत सवयीनं पैसे राखून ठेवायचे आणि पुढच्या खोलीत मरायचे. मग शिकले.

त्याचं न बोलणंही विचारपूर्वक आहे. कॅरॉन हुंकारतो, आणि झॅग्रियसला त्याचा अर्थ कळतो, तो त्याला मित्रासारखं संबोधून उत्तर देतो. आपल्याला फक्त अर्धा संवाद ऐकू येतो. वंशावळही जुळवलेली आहे: उत्तरकालीन परंपरेत कॅरॉन हा रात्रीची देवता निक्स हिचा मुलगा, गेममध्येही तो निक्सच्याच घरचा, मृत्यू असलेल्या थॅनाटोसचा आणि झोप असलेल्या हिप्नोसचा भाऊ. हर्मीस त्याच्याबद्दल सहकाऱ्यासारखं बोलतो, आणि ते होतेच की. एक काठापर्यंत आणणारा, दुसरा पार नेणारा.

कधीतरी दुकानात नाण्यांची एक थैली बेवारस पडलेली दिसते. ती उचललीत तर म्हातारा वल्हं घेऊन भिडतो, आणि मग कळतं की इतके दिवस शांत उभा असलेला हा दुकानदार किती ताकदीचा आहे. दान्तेचा वल्हं उगारणारा कॅरॉन इथं क्षणभर जागा होतो. पण जिंकलात तर तो चिडून मारत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतात तसं कार्ड देतो, त्या फेरीत प्रत्येक वस्तूवर वीस टक्के सूट. भांडण व्यवहारातलं होतं, व्यवहारातच मिटलं.

ज्यांना शेवट कळायला नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा. झॅग्रियसची आई पर्सेफोनी वरच्या जगात निघून गेलेली असते. खूप फेऱ्यांनंतर ती परतायला तयार होते, आणि मायलेक पाताळात परत येतात ते कॅरॉनच्या होडीतून. इतके तास दुकानदार म्हणून पाहिलेला माणूस तेव्हा पहिल्यांदा वल्हं मारताना दिसतो. मला तिथं भरून आलं होतं. त्याचं खरं काम गेमनं शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवलं होतं.

त्याच वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, माँट्रियलच्या थंडर लोटस कंपनीचा ‘स्पिरिटफेअरर’ आला. त्यात कॅरॉन जेमतेम काही मिनिटं आहे. सुरुवातीलाच तो स्टेला नावाच्या तरुण मुलीला सांगतो, की माझी पाळी संपली, आता हे काम तुझं. आणि स्वतः ‘एव्हरडोअर’ या शेवटच्या दारातून निघून जातो. स्टेला, तिचं मांजर डॅफोडिल, आणि एक मोठी नाव. इथून पुढं नावाडी तुम्ही.

बाकीच्या गेममध्ये आपण कॅरॉनच्या समोर उभे असतो. इथं वल्हं आपल्या हातात येतं, आणि मग कळतं की हे काम म्हणजे नुसतं नदी ओलांडणं नाही. होडीवर आलेल्या प्रत्येक आत्म्याला घर बांधून द्यायचं. कुणाला काय खायला आवडतं ते लक्षात ठेवून शिजवायचं. बसलेलं मन ओळखायचं, जवळ घ्यायचं. मिठी मारायला इथं वेगळं बटण आहे. ओबोल इथंही आहे, फक्त आता ते प्रवासी आपल्याला देतात, आणि आपण ते देवळांत वाहून स्टेलासाठी नव्या क्षमता मिळवतो. एक दिवस तो आत्मा म्हणतो, आता मला ने. मग छोट्या होडीतून लाल पाण्यावर त्याला दाराशी न्यायचं. वाटेत तो आयुष्याबद्दल बोलतो, आपण फक्त वल्ही मारत ऐकायचं. शेवटची मिठी. परत नावेवर आलं की त्याचं घर तसंच असतं, आत एक फूल उमललेलं. ते घर पाडता येत नाही. गेम जसा पुढं जातो तशी नाव रिकाम्या घरांनी भरत जाते.

अॅलिस ही हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याच्या रूपातली आजी. सुरुवातीला ती हौशी असते, सहली काढते, नटते. मग विसरायला लागते. स्टेलाला स्वतःची मुलगी समजून हाक मारते. नंतर तर नावेच्या टोकाला जायचं झालं तरी तिला हाताला धरून, तिच्या चालीनं, हळूहळू न्यावं लागतं. बाकी गेमभर स्टेला धावते, उड्या मारते, आणि अॅलिसबरोबर मात्र आपोआप पावलं मंदावतात. ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलं आहे त्यांना तो वेग ओळखू येईल. अतुल नावाचा खाण्याचा शौकीन, बेडकाच्या रूपातला काका आहे, तो तर काही न सांगताच एक दिवस नाहीसा होतो. नावाड्यालासुद्धा निरोप घ्यायला मिळत नाही. मी पूर्ण नाव धुंडाळली होती.

आणि स्टॅनली. छत्रीएवढी टोपी असलेल्या अळंबीच्या रूपातलं एक पोर, बागेत लावलेल्या अनोळखी बीतून उगवलेलं. दिवसभर बडबड, प्रश्न, उत्साह. त्याला दाराशी न्यायची वेळ येते तेव्हा मला त्या पांढऱ्या सुरईवरचा मुलगा आठवला, हातात खेळणं घेऊन आईकडे मान वळवलेला. सुरई रंगवणाऱ्यानं मुलगा दाखवला, आई दाखवली, आणि थांबलेला नावाडी दाखवला. त्या नावाड्याच्या मनात काय चाललं असेल, ते त्या चित्रात नाही. स्टॅनलीला घेऊन वल्ही मारताना ते आपल्यावर येतं.

सगळे प्रवासी पोचवून झाले की स्टेलाचीही वेळ येते. तिच्या होडीत डॅफोडिल आहे, पाणी तेच लाल आहे, दार समोर आहे. तिच्याकडून ओबोल घ्यायला पलीकडे कुणी बसलेलं नाही. वल्ही तिच्याच हातात आहेत, आणि बटणं अजून आपल्या.